चौथी ओळ, अकरावं झाड

“एवढ्या पेनांचं तू करणार तरी काय?”

हा प्रश्न मला आजवर आई, टीम लीड, दोन मित्र आणि शेजारच्या काकू अशा सगळ्यांनी विचारून झालाय. काकूंनी खरं तर “रविवारी सकाळी वरून ही घरघर कशाची येते?” असं विचारलं होतं, पण रोख तोच. उत्तर माझ्याकडे नाही. दिवसभर कीबोर्ड बडवणारी माणसं आपण. पेन लागलंच तर बँकेत लागतं, आणि तिथलं दोरीला बांधलेलं असतं.

तरीपण गेली दोन वर्षं माझे शनिवार-रविवार लाकडी पेन बनवण्यात जातात. सोमवार ते शुक्रवार मिहानला जायचं, स्क्रीनकडे बघायचं, मीटिंगमध्ये “हो, बघतो” म्हणायचं, आणि शनिवारी सकाळी तर्री-पोहे हाणून गच्चीवरच्या खोलीत शिरायचं. तिथे एक छोटी लेथ आहे, टेबलावर मावेल एवढीशी चक्री करवत आहे, स्टँडला अडकवलेलं ड्रिल आहे आणि सगळ्यावर भुशाचा थर आहे. कोडमध्ये चूक झाली की ‘अनडू’ करता येतं. इथे चूक झाली की तुकडा चुलीत. हा फरक मला फार आवडतो असं मी सगळ्यांना सांगायचो. म्हणजे, ज्याच्या बदल्यात दुसरं आणता येणार नाही असं लाकूड हातात येईपर्यंत सांगायचो.

आधी पेनाचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाकडी पेन बनवणं वाटतं तेवढं अवघड नाही. रिफिल, क्लिप, टोक असा धातूचा सगळा संच तयार मिळतो. त्यात पितळेच्या दोन नळ्या असतात, ७ मिमी जाड आणि साधारण ५३ मिमी लांब. आपण लाकडाचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याला उभं आरपार भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, लेथवर चढवून गोल कातायचं, पॉलिश करायचं आणि सुटे भाग दाबून बसवायचे. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये ज्यांनी स्वतःचा जॉब स्वतः केला असेल (मित्राकडून नाही :-)) त्यांना जमेल.

माझं डोकं फिरलं ते सेगमेंटेड पेन पाहून. अनेक तुकडे जोडून केलेलं पेन. त्यातल्या एका नमुन्यात फिक्या लाकडात काळ्या पट्ट्या एकमेकींच्या वरून-खालून गुंफल्यासारख्या दिसतात, जणू गाठच मारलीय. पाहणाऱ्याला वाटतं की कुणीतरी लाकूड वाकवून विणलंय. प्रत्यक्षात काहीही वाकवलेलं नसतं. चौकोनी तुकड्याला ४५ अंशात तिरपा काप द्यायचा, कापात दुसऱ्या रंगाच्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवायची. वाळलं की तुकडा पाव फेरा फिरवून पुन्हा तिथेच कापायचं, पुन्हा पट्टी. असं चार वेळा. काकडी तिरपी कापली की चकती लांबट निघते ना, तसंच इथे होतं. लेथवर तुकडा गोल झाला की प्रत्येक तिरपी पट्टी लांबट वर्तुळ होऊन दिसते, आणि अशी चार वर्तुळं एकमेकांत अडकली की गाठ तयार.

सगळी मेख ‘पुन्हा तिथेच’ या दोन शब्दांत आहे. चारही काप तुकड्याच्या मधल्या अक्षावर एकाच जागी आले पाहिजेत. आणि पट्टीची जाडी पात्याने खाल्लेल्या लाकडाएवढीच हवी. माझं पातं १.८ मिमी खातं, म्हणजे पट्टीही १.८. जाड झाली तर तुकडा केळ्यासारखा वाकतो, पातळ झाली तर फट राहते. हे नुसत्या हाताने आणि डोळ्याने होत नाही. त्यासाठी जिग लागतं.

जिग म्हणजे तुकडा दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात धरून ठेवणारा साचा. बाजारात महागडे मिळतात. पण भंगारातल्या प्लायचेही होतात. लकडगंजमधून शिसमाच्या पट्ट्या आणल्या, इतवारीतल्या लोहा ओळीतून बोल्ट आणि विंग नट आणले. ४५ अंशांसाठी कॉलेजच्या इंजिनियरिंग ड्रॉइंगचा सेट स्क्वेअर माळ्यावरून काढला. चार वर्षांच्या डिग्रीतली आजतागायत थेट उपयोगी पडलेली ही एकमेव गोष्ट. त्याच्या आधाराने प्लायच्या पाटावर एक तिरपी भिंत ठोकली, भिंतीच्या शेवटी लाकडाचा चौकोनी ठोकळा स्क्रूने बसवला, तो स्टॉपर. तुकडा भिंतीला टेकवायचा, टोक स्टॉपरला टेकवायचं, क्लॅम्पने आवळायचं (बोटांनी धरायचं नाही, बोटं दहाच असतात) आणि पाट पात्यावरून पुढे ढकलायचा. पातं पूर्ण वर काढायचं नाही, दीडेक मिमी लाकूड न कापता ठेवायचं, म्हणजे तुकड्याचे दोन भाग सुटत नाहीत. तेवढं लाकूड पुढे कातताना उडूनच जातं.

टाकाऊ सागावर दोन-तीन करून पाहिले. ठीक आले. जरा मागेपुढे होतं, पण फोटोत दिसत नव्हतं. मग मी संत्र्याचं लाकूड घ्यायचं ठरवलं.

आता त्या लाकडाबद्दल.

काटोल तालुक्यात आमच्या मोठ्या बाबांची संत्र्याची बाग होती. दोन एकर, सव्वादोनशे झाडं. १९९५ च्या पावसाळ्यात आबाजी, मोठे बाबा आणि माझे बाबा अशा तिघांनी मिळून लावलेली. बाबा तेव्हा नोकरीत होते, दहा दिवसांची रजा काढून खड्डे खणायला गेले होते. मी तेव्हा जन्मायचाच होतो. माझ्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आंबिया बहाराची फळं झाडावर असायची, आणि आम्ही भावंडं शिव्या खाईपर्यंत संत्री खायचो.

मग झाडं वाळायला लागली. संत्र्याला डिंक्या नावाचा रोग होतो. जमिनीतल्या बुरशीने मुळं सडतात, बुंध्यातून डिंक गळतो आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं. मोठे बाबा दर वर्षी बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायचे, पाण्याचे पाट बुंध्यापासून दूर घ्यायचे. तरी दर वर्षी दहा-पंधरा झाडं जायची. शेवटी मे २०२३ मध्ये त्यांनी सगळी बाग काढली. आता तिथे कपाशी आणि तूर असते. लाकूड सगळं जळणात गेलं.

सगळं नाही. बाबा त्या आठवड्यात गावाला गेले होते, येताना एका पोत्यात मनगटाएवढ्या जाड पाच फांद्या घेऊन आले. फुटा-फुटाचे तुकडे. मी विचारलं, “हे कशाला?” ते म्हणाले, “असू दे.” पोतं गच्चीवरच्या खोलीत कोपऱ्यात गेलं. मी त्या खोलीत माझा कारखाना थाटला तेव्हाही ते तिथेच होतं. तुकड्यांच्या दोन्ही टोकांना हिरवा ऑईलपेंट फासलेला होता, आमच्या ग्रिलचा उरलेला. प्रत्येकावर पेन्सिलने ‘४/११’ असं लिहिलेलं आणि खाली आकड्यांची एक उतरंड: ८१०, ७६५, ७२०... मला वाटलं, ४ नोव्हेंबरचा कसला तरी हिशेब असेल. मोठ्या बाबांना सापडेल त्यावर हिशेब लिहायची सवय आहे.

या वर्षी जानेवारीत मी बाबांना विचारलं, “ते संत्र्याचं लाकूड घेऊ का पेनासाठी?” ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “घे.”

संत्र्याचं लाकूड फार सुंदर असतं हो. फिकट पिवळं, बारीक दाण्याचं, टणक. कातताना लोण्यासारखी गुंडाळी निघते. पण मधल्या गाभ्याशी तडे होते, ते टाळून पाच फांद्यांमधून १९ मिमी चौकोनाचे फक्त सात तुकडे निघाले. सात. आठवा कुठूनही आणता येणार नव्हता, कारण बागच नव्हती.

पहिल्या तुकड्यावर दोन शनिवार घालवले. चार काप, चार शिसमाच्या पट्ट्या, प्रत्येक वेळी रात्रभर वाळवणं. लेथवर कातला तर तीन पट्ट्या जुळलेल्या आणि चौथी बाजूला सरकलेली. गाठीऐवजी गुंता. दुसऱ्या वेळी कोन चुकत असेल म्हणून मोबाईलच्या ॲपने भिंत मोजली, ४४.७ आली, कागदाचा कपटा घालून ४५ केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी आपल्या जातीला जागून एक्सेल शीट उघडली. प्रत्येक कापाचं मोजमाप, प्रत्येक पट्टीची जाडी व्हर्नियरने दोन दशांशांपर्यंत. शीट अप्रतिम झाली. पेन पुन्हा वाया.

सातातले तीन गेले. त्या रविवारी संध्याकाळी मी खोलीत तसाच बसून होतो आणि बाबा वर आले. बहुतेक लेथ बंद झाल्याचं लक्षात आलं असावं. त्यांनी टेबलावरचे तीन वाया गेलेले तुकडे ओळीने लावले, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक डोळ्याजवळ नेऊन पाहिला.

“काय करून राहिला तू?”

मी सगळं सांगितलं. कोन, जाडी, एक्सेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझा पाट उलटासुलटा करून पाहिला.

“हे जिग कोणी म्हटलं तुले?”

“मग काय आहे?”

“फिक्स्चर. जिग हत्याराले वाट दाखवते. फिक्स्चर नुसतं जॉब धरून ठेवते.”

आता इथे सांगायला हवं. माझे बाबा ३४ वर्षं अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, टूल रूममध्ये. आमच्या वाडीत अर्धी घरं तिथल्याच लोकांची, सगळे त्याला ‘डिफेन्स’च म्हणतात. शाळेत पोरं विचारायची, तुझे बाबा तोफगोळे बनवतात का? मी घरी येऊन विचारलं तर बाबा म्हणाले, “नाही. गोळ्याचं भोक जिथं पडायचं तिथंच पडावं म्हणून जे लागते, ते बनवतो.” मित्रांना सांगण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. रोज तेच का? तर हो, रोज तेच. बारावीनंतर मी काय व्हायचं हे पक्कं नव्हतं, पण रोज तेच करायचं नाही एवढं पक्कं होतं. २०१९ मध्ये ते निवृत्त झाले. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या आणि अंबाझरी ‘यंत्र इंडिया लिमिटेड’मध्ये गेली. ती नवी पाटी बाबांनी रस्त्यावरूनच पाहिली.

म्हणजे बघा, मी दोन वर्षं रात्री जागून परदेशातल्या लोकांचे जिगचे व्हिडिओ पाहत होतो, आणि खालच्या खोलीत ३४ वर्षं जिग बनवलेला माणूस पेपर वाचत बसला होता. मला विचारायचं सुचलं नाही. आणि विचारल्याशिवाय सांगायची त्यांना सवय नाही.

बाबांनी गुण्या मागितला. माझ्या चौथ्या, अजून न कापलेल्या तुकड्याच्या टोकाला लावला आणि दिव्यासमोर धरला. एका बाजूला उजेडाची बारीक रेघ दिसली.

“टोक काटकोनात नाही.”

“बाबा, एक अंशही नसेल तो फरक.”

“एक अंश अन् १९ मिमी. कर तुझ्या एक्सेलात.”

केलं. एक तृतीयांश मिमी. तुकडा फिरवला की सपाट स्टॉपरला दर वेळी टोकाचा वेगळा कोपरा टेकणार, आणि दर वेळी तुकडा तेवढा मागेपुढे सरकणार. शिवाय पाटाच्या कोपऱ्यात, स्टॉपरच्या पायाशी भुसा साचत होता. चिमूटभर भुसा मधे आला की झाला आणखी पाव मिमी. माझ्या सुंदर शीटमध्ये भुशासाठी रकानाच नव्हता.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला चार वर्षांच्या इंजिनियरिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी मागच्या बाकावर असेन. कोणतीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते. तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. ती पक्की बसवायची तर बरोबर सहा ठिकाणी अडवायची. खाली तीन बिंदू, बाजूला दोन, टोकाला एक. तीन-दोन-एक. जास्त टेकू दिले तर वस्तू पक्की होत नाही, उलट ते टेकू आपसात भांडतात.

“आपल्या घरचा चौरंग डुगडुगते की नाही? अन् तिपाई? खडबडीत जमिनीवर ठेव, कधी डुगडुगली काय? चौथा पाय आला का भांडण आलं.”

“पण मग माझ्या भिंतीला तर पूर्ण टेकतोय तुकडा. जास्त टेकला तर चांगलंच ना?”

“पूर्ण टेकते असं तुले वाटते. कुठं टेकते ते तुले माहीत नाही. आपल्याले माहीत असलं पाहिजे, कुठं टेकते ते.”

हे वाक्य मी ऑफिसातल्या माझ्या मॉनिटरवर चिकटवलंय.

मग पटाशी घेऊन त्यांनी भिंतीचा मधला भाग खोल केला, फक्त दोन टोकांना दोन उंचवटे ठेवले. पाटावर तुकड्याखाली तीन पातळ चकत्या चिकटवल्या. स्टॉपरचा चौकोनी ठोकळा काढून टाकला आणि त्या जागी एक गोल डोक्याचा स्क्रू बसवला, अशा उंचीवर की त्याचं डोकं तुकड्याच्या टोकाच्या बरोबर मध्यावर टेकेल. बस. टोक तिरकं असलं तरी मधला बिंदू तिथेच राहतो. तुकडा कितीही फिरवा, स्क्रूला टेकणारा बिंदू तोच. भुसा साचायला कोपरा नाही, खाली पडून जातो. पाऊण तास लागला असेल. माझी सात आठवड्यांची अडचण एका स्क्रूने सुटली.

“आणि कोन? तो ४५ पक्का आहे का हे बघायचं ना?”

“४४ असला तरी काय बिघडते? चारी वेळा तोच पाहिजे. बरोबर नसलं तरी चालते, तेच पाहिजे.”

खरंच. या गाठीला ४५ अंशांशी काही देणंघेणं नाही. चारही काप ४४.७ चे झाले तरी गाठ तेवढीच नीट येते. मी जे दुरुस्त करण्यात एक तुकडा घालवला, ते मोडलेलंच नव्हतं. जिगचं काम अचूक माप देणं नाही, प्रत्येक वेळी तेच देणं आहे. एकदा डोकं लावून विचार करायचा, तो विचार लाकडात ठोकून ठेवायचा, म्हणजे पुढच्या शंभर वेळी हात थकला, लक्ष उडालं, माणूस बदलला तरी काम तसंच होतं.

रात्री उत्सुकतेने शोधलं तर या कल्पनेचा जुना किस्सा बंदुकांच्या कारखान्यातलाच निघाला. १७८५ साली पॅरिसमध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूक बनवणाऱ्याने थॉमस जेफरसनसमोर ५० बंदुकांच्या चापांचे सुटे भाग खणाखणांत मांडले. तोवर प्रत्येक बंदुकीचे भाग कानशीने घासून एकमेकांना बसवावे लागायचे, एकीचा भाग दुसरीला चालायचा नाही. जेफरसनने हाताला येतील ते भाग उचलले आणि स्वतः चाप जुळवले. बसले. त्याने ते पत्रात लिहून अमेरिकेला कळवलं. ज्याला आपण आज मास प्रॉडक्शन म्हणतो त्याच्या मुळाशी हे ‘तेच’ आहे. आणि ते ‘तेच’ टिकवायला प्रत्येक कारखान्यात एक टूल रूम असते, जिथे कुणीतरी ३४ वर्षं बसतं.

असो. दुसऱ्या दिवशी डबा भरताना आईला हे सगळं सांगत होतो. ती म्हणाली, “तरीच. माझा वजनकाटा दर महिन्याला गायब व्हायचा.”

“म्हणजे?”

“ते लाकूड मोजायला न्यायचे ना वर. दीड वर्ष. परत ठेवताना पुसून ठेवायचे, तेवढं खरं.”

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ओलं लाकूड घाईने वाळलं की तडकतं. टोकांकडून पाणी सगळ्यात लवकर उडतं, म्हणून टोकं रंगाने बंद करायची. आणि वाळलं की नाही हे ओळखायचं तर वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार. मी धावत वर गेलो. उरलेल्या एका सालीवर आकडे होते. शेवटचे दोन: ५६०, ५६०. त्यांनी “घे” म्हटलं ते लाकूड तयार झाल्यावर म्हटलं होतं. त्यांना माझ्या उद्योगाचा पहिल्या दिवसापासून पत्ता होता.

चौथा तुकडा आम्ही दोघांनी मिळून केला. दोघांनी म्हणजे मी केला, ते स्टुलावर बसून होते. चार काप, चार पट्ट्या. मग भोक पाडायचं, त्याला मी व्ही आकाराच्या खाचेत तुकडा धरणारा क्लॅम्प केलाय. त्यात ड्रिलला वाट दाखवणारी लोखंडी बुशही आहे, तेव्हा ते मात्र खरंखुरं जिग. बाबांनी पास केलं. लेथवर कातताना सालीखालचा खडबडीत भाग गेला, चौकोनाचे कोपरे गेले आणि हळूहळू पिवळ्या लाकडात काळी गाठ वर आली. चारही पट्ट्या जुळलेल्या. एका जागी केसाएवढी फट आहे, ती मला दिसते. बाबांनाही दिसली असणार. बोलले नाहीत.

पेन कुणाला द्यायचं हे ठरवायची गरजच पडली नाही. पुढच्या रविवारी आम्ही गावाला गेलो.

बाग काढल्यापासून मोठे बाबा जरा अबोल झालेत. सकाळी उठून त्या दिशेला चालत जातात, बांधावर उभे राहतात आणि परत येतात. पण एक सवय सुटलेली नाही. रोज संध्याकाळी वहीत लिहायचं. आवक, जावक, मजुरी, फवारा. तीसेक वर्षांच्या वह्या कपाटात आहेत. मी पेन त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, “मोठे बाबा, आपल्या संत्र्याचं आहे.”

त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. बोटाने गाठीवरून फिरवलं. नाकाशी नेलं. वाळलेल्या लाकडाला कसलाही वास येत नाही, मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो.

“खोडाचं व्हय का फांदीचं?”

मला प्रश्नच कळला नाही. बाबांनी सांगितलं, “फांदीचं, दादा. डोळ्याच्या वरचं.” संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर करतात. म्हणजे झाडाचा खालचा बुंधा जंबेरीचा, संत्रा वरचा. बाबांनी त्या मे महिन्यात पडलेल्या ढिगातून बुंधे सोडून फांद्या का आणल्या, ते मला त्या क्षणी कळलं.

“कोणत्या झाडाचं व्हय रे?” हे मला विचारलं.

मी ओशाळलो. तुकडे चौकोनी करताना साल, पेन्सिलीच्या खुणा, सगळं मीच रंध्याने उडवलं होतं. मला फक्त एक तारीख आठवत होती, ४ नोव्हेंबर. मी काहीतरी पुटपुटणार तेवढ्यात बाबा म्हणाले,

“चौथी ओळ. अकरावं.”

मोठे बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आबाजी टेकायचे त्याच्याखाली. डबा खाऊन.” आणि मग ते दोघं बोलायला लागले. लावणीच्या वेळी झाडं ६ बाय ६ मीटरवर बसावी म्हणून आबाजींनी एका दोराला दर ६ मीटरवर गाठी मारल्या होत्या. एक टोक मोठ्या बाबांच्या हातात, एक माझ्या बाबांच्या. गाठ येईल तिथे खुंटी ठोकायची आणि दोर पुढे सरकवायचा. कोण दोर सैल धरायचा यावरून दोघांत तेव्हाही भांडण होतं, आणि त्या दिवशी ओसरीवर ते पुन्हा झालं. मी पहिल्यांदाच बाबांना कुणाशी एवढं तावातावाने बोलताना पाहिलं.

चहा झाल्यावर मोठ्या बाबांनी वही काढली. तारीख घातली, नव्या पेनाने. आवकेच्या रकान्यात कपाशीच्या खाली एक ओळ लिहिली. मी वाकून वाचली.

संत्रा, १ नग.

तीन तुकडे अजून शिल्लक आहेत. गेल्या शनिवारी खोलीत गेलो तर त्या तिन्हींवर कुणीतरी पेन्सिलने पुन्हा ४/११ लिहून ठेवलं होतं, या वेळी टोकावर, जिथे रंधा लागत नाही.